रविवारचा नाश्ता आणि उष्णतेचा हिशेब

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली यांपैकी कोणत्याही स्टेशनाबाहेरच्या उडुपी हॉटेलात डोकावून पहा. बसायला जागा मिळत नाही. आठवडाभर लोकलने ये-जा करणारी मंडळी आज मुलाबाळांना घेऊन निवांत नाश्त्याला आलेली असतात. माटुंग्याला कॅफे मद्रास १९४० साली आणि ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ साली सुरू झाले. पुढे अशी हॉटेले उपनगरांतही जागोजाग झाली आणि इडली-डोसा हा मराठी घरांचा रविवारचा नाश्ता होऊन बसला.

समजा, अशाच एका टेबलाशी पाच जणांचे कुटुंब बसले आहे. आजोबांचा चहा कपबशीतून आला आहे. आईची फिल्टर कॉफी स्टीलच्या पेल्यात असून पेल्याखाली उभ्या काठाची वाटी आहे. बाबांचा ‘कटिंग’ जाड काचेच्या छोट्या ग्लासात आहे. सातवीतल्या मुलीपुढे मेदुवडा आहे. तीन वर्षांचा धाकटा मात्र खुर्चीवर उभा राहून, टेबलावरची प्रत्येक वस्तू आपल्याकडे ओढण्याच्या खटपटीत आहे. त्याच्याकडे लक्ष असू द्या. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा वळायचे आहे.

वेटरने सारे पदार्थ एकदमच आणून ठेवले. तरीही आजोबांचा चहा सर्वांत आधी पिऊन होतो, आई अजून पेला-वाटीत कॉफी वरखाली करीत असते आणि बाबा ग्लास काठाला दोन बोटांनी धरून फुंकर मारीत असतात. असे का व्हावे?

गरम वस्तूची उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी बाहेर जाते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पण उघड्या भांड्यातल्या गरम चहाच्या बाबतीत चौथा मार्ग या तिघांवर मात करतो. तो म्हणजे बाष्पीभवन. पाण्याच्या पृष्ठभागावरचे जे रेणू अधिक वेगवान असतात ते हवेत निसटतात आणि जाताना ऊर्जा घेऊन जातात. मागे राहिलेल्या पाण्याचे तपमान त्यामुळे उतरते. ७० अंश से. च्या आसपास एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५५७ कॅलरी उष्णता लागते. आता हिशेब करू. कपात १२० ग्रॅम चहा आहे आणि तो ८० अंशांवरून ६० अंशांवर आणायचा आहे. चहा म्हणजे बहुतांशी पाणीच, म्हणून त्यातून १२० × २० = २,४०० कॅलरी उष्णता बाहेर जायला हवी. हे काम एकट्या बाष्पीभवनाने करायचे ठरवले तर २,४०० भागिले ५५७, म्हणजे केवळ सव्वाचार ग्रॅम पाणी उडून जाणे पुरेसे आहे. चमचाभरसुद्धा नाही! कपावर तरंगणारे ते इवलेसे धुके इतके मोठे काम करीत असते. (खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते तिच्यापासून पुन्हा बनलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब.)

बाष्पीभवन पृष्ठभागावरूनच होते, म्हणून उघडा पृष्ठभाग जितका मोठा तितके ते जास्त. आता आजोबांची बशी पहा. कपाच्या तोंडाचा व्यास ७ सें.मी. असेल तर चहाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौ. सें.मी. येते. बशीत ओतलेल्या चहाचे तळे १२ सें.मी. व्यासाचे धरले तर क्षेत्रफळ ११३ चौ. सें.मी. होते, म्हणजे तिप्पट. शिवाय बशीत एका वेळी फार तर ५० ग्रॅम चहा मावतो. तेव्हा दर ग्रॅम चहाच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग कपाच्या मानाने सात पट झाला.

पण बशीची खरी करामत यापुढेच आहे, आणि ती बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. बशी थंड असते! दीडशे ग्रॅम वजनाची चिनी मातीची बशी घेऊ. चिनी मातीची विशिष्ट उष्णता साधारण ०.२५ धरा. म्हणजे बशीचे तपमान एक अंशाने वाढवायला साडेसदतीस कॅलरी लागतात. २८ अंशांच्या या बशीत ७५ अंशांचा ५० ग्रॅम चहा ओतला. दोघांचे तपमान सारखे होईपर्यंत चहा उष्णता देतो आणि बशी घेते. मिश्रणाच्या पद्धतीने उत्तर काढा. ते ५५ अंशांच्या जवळ येते. चहा बशीच्या काठापर्यंत पोचत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा वर राहील. तरीसुद्धा, वाफेला आपले काम सुरू करायला वेळ मिळण्याआधीच, थंड बशीने पंधरा-वीस अंश खाऊन टाकलेले असतात. दुसऱ्यांदा ओतलेला चहा पहिल्याइतका लवकर निवत नाही याचे कारणही हेच. आता बशी तापलेली असते.

बशीतून भुरका मारून चहा पिणे हे गावंढळपणाचे लक्षण आहे असे मानणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. अठराव्या शतकात युरोपातही लोक बशीतून चहा पीत. भुरक्याने तर चहाचा पातळ पडदा होऊन तो हवेशी मिसळतो आणि तोंडात जाता जाता आणखी निवतो. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ही कृती अगदी बिनचूक आहे!

आईची पेला-वाटीची पद्धत हे त्याच तत्त्वाचे दुसरे रूप. उंचावरून पडणाऱ्या धारेला दोन्ही बाजूंनी हवा लागते, धारेचा पृष्ठभाग मोठा असतो आणि दर वेळी नवी हवा मिळते. वर फेस येतो तो मात्र उलटे काम करतो. फेसातल्या हवेच्या कप्प्यांमुळे उष्णता बाहेर जायला अडथळा होतो. म्हणजे फेस हे कॉफीचे झाकणच. हवे तेवढे निववून घ्यायचे आणि मग झाकण लावायचे, अशी ही दुहेरी सोय आहे. पेला स्टीलचा असल्याने अंगाला चटका बसतो, म्हणून त्याला बाहेर वळलेली कड दिलेली असते. कॉफी त्या कडेपर्यंत भरत नाहीत. पत्रा पातळ असल्यामुळे वर चढणारी उष्णता थोडी, आणि तीही वाटेतच हवेला जाते. बाबांच्या ग्लासाला अशी कड नाही, म्हणून ते काठाला धरतात.

आता पावसाळ्यातला एक प्रश्न. जुलै महिन्यात मुंबईत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. मग पावसाळ्यात चहाही उशिरा निवायला हवा, नाही का? पण तसे होत नाही. बाष्पीभवनाचा वेग पाण्याच्या पृष्ठभागाजवळचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर अवलंबून असतो. ८० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब ३५५ मि.मी. (पाऱ्याचा) असतो. जुलैतल्या २८ अंशांच्या दमट हवेत तो २४ मि.मी. च्या आसपास असेल, कोरड्या हवेत १२ धरा. ३५५ मधून २४ वजा करा किंवा १२ वजा करा, उत्तरात फरक पडतो तो चार टक्क्यांहूनही कमी. ओल्या कपड्यांचे तसे नाही. कपडे हवेच्याच तपमानाला असतात, त्यांचा बाष्पदाब २८ मि.मी. त्यातून २४ गेले की उरतात फक्त ४! बाबांची फुंकर उबदार आणि दमट असूनही चहा का निववते, हेही यावरून कळेल. फुंकर चहावरची बाष्पाने भरलेली हवा हटवते, आणि फुंकरीतला दमटपणा चहाच्या बाष्पदाबापुढे क्षुल्लक असतो. हॉटेलातला छताचा पंखा हेच काम न दमता करतो.

न्यूटनचा शीतीभवनाचा नियम वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. १७०१ साली न्यूटनने मांडले की वस्तू निवण्याचा वेग तिच्या आणि भोवतालच्या तपमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. उघड्या चहाला हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. ८० अंशांवरून ६० वर येताना भोवतालापासूनचा फरक ५२ वरून ३२ होतो, म्हणजे सुमारे ३८ टक्क्यांनी घटतो. पण त्याच वेळी पाण्याचा बाष्पदाब ३५५ वरून १४९ वर येतो. बाष्पीभवनाला रेटणारा फरक साठ टक्क्यांहून अधिक घटला. म्हणून चहा सुरुवातीला झपाट्याने निवतो आणि नंतर रेंगाळतो. झाकण लावलेल्या कपाला न्यूटनचा नियम पुष्कळ बरा लागू पडतो.

डोसा करणारा भटारखान्यात दिसत असेल तर त्याच्याकडेही पहा. डोशाचे पीठ घालण्याआधी तो लोखंडी तव्यावर पाणी शिंपडतो. तवा फारच तापलेला असेल तर थेंब चटकन उडून न जाता टणटण उड्या मारीत पळतात. प्रत्येक थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि वाफ उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे थेंब काही काळ वाचतो. योहान लायडनफ्रॉस्ट याने १७५६ साली या चमत्काराचे वर्णन केले. इतक्या तापलेल्या तव्यावर पीठ पसरण्याआधीच आवळते, म्हणून आणखी पाणी मारून पृष्ठभाग खाली आणावा लागतो. येथेही बाष्पीभवनच कामाला येते.

इडलीचे पात्र आणि तुर्कांची किटली

इडली वाफेवर शिजते. पात्राच्या तळाशी पाणी उकळत असते, पाण्याचा स्पर्श इडलीला होत नाही, आणि उघड्या तोंडाच्या पात्रात वाफेचे तपमान १०० अंशांवर जात नाही. त्यामुळे इडली करपत नाही. हीच युक्ती जगाच्या दुसऱ्या भागातील नाश्त्याच्या टेबलावर चहासाठी वापरतात. तुर्कस्तानात सुटीच्या दिवशी सारे कुटुंब मुलाबाळांसह तासन्‌तास नाश्ता करते. चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, काकडी, अंडी, मध, पाव अशा लहान लहान बशांनी टेबल भरून जाते. नाश्त्याला त्यांचा शब्द आहे ‘कहवाल्ती’, म्हणजे कॉफीच्या आधी खायचे ते. गंमत अशी की आज त्याबरोबर पितात तो मात्र चहा, आणि चहाला ते आपल्या हिंदी भाषकांप्रमाणे ‘चाय’च म्हणतात.

हा चहा दुमजली किटलीत होतो. खालच्या किटलीत पाणी उकळते, वरच्या लहान किटलीत चहाचा कडक अर्क मुरत असतो. वरच्या किटलीला ज्योत लागत नाही, खालची वाफ तिला ऊब देते. अर्क उकळत नाही, करपत नाही, पण गरम राहतो. प्यायच्या वेळी लहान, कमरेत आवळलेल्या काचेच्या पेल्यात थोडा अर्क घ्यायचा आणि खालच्या किटलीतले पाणी घालायचे. दूध नाही. पेल्याला कान नसतो, म्हणून तेही आपल्या बाबांसारखा काठालाच धरतात. पेला लहान असल्याने चहा फार निवायच्या आत संपतो आणि पुन्हा भरता येतो.

इडलीपात्र काय किंवा ही किटली काय, झाकण उघडताना एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. १०० अंशांचे एक ग्रॅम पाणी त्वचेवर पडून ३७ अंशांपर्यंत निवले तर ६३ कॅलरी देते. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० कॅलरी देते आणि वर या ६३. एकूण ६०३, म्हणजे साडेनऊ पट. झाकण उघडताना ते आपल्या विरुद्ध बाजूने उचलावे, म्हणजे वाफ पलीकडे जाते.

धाकट्याचा प्रश्न

आता त्या तीन वर्षांच्या मुलाकडे वळू. टेबलावर ७५ ते ८० अंशांची तीन पेये आहेत आणि त्याचा हात टेबलाच्या काठावर आहे.

त्वचा किती तपमानाला किती वेळात भाजते याचा सविस्तर अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाच्या त्वचेला ५० अंशांच्या पाण्याने खोल भाजायला सुमारे पाच मिनिटे लागतात. ५५ अंशांना सुमारे अर्धे मिनिट, ६० अंशांना पाच सेकंद, ७० अंशांना सेकंदभर किंवा त्याहूनही कमी. आकडे पुन्हा वाचा. तपमान वीस अंशांनी वाढले की वेळ काही शेकडा पटींनी घटला! आजोबांच्या बशीतला ५५ अंशांचा चहा अंगावर सांडला तर झटकायला, कपडा काढायला अवधी असतो. कपातला ७५ अंशांचा सांडला तर जवळजवळ नसतोच. त्यातून लहान मुलाची त्वचा पातळ असते, म्हणून वरच्या वेळांपेक्षा त्याला कमीच वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट आकाराची. अर्धा कप, म्हणजे ६० घ. सें.मी. चहा सांडून एक मि.मी. जाडीचा थर झाला तर तो ६०० चौ. सें.मी. पसरतो, साधारण ए-४ कागदाएवढा. मोठ्या माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १७,००० चौ. सें.मी. असते. त्याच्या दृष्टीने हा साडेतीन टक्के भाग झाला. तीन वर्षांच्या मुलाचे क्षेत्रफळ सुमारे ६,००० चौ. सें.मी. धरले तर त्याचा दहा टक्के भाग भिजला. लहान मुलाच्या बाबतीत दहा टक्के भाजणे डॉक्टर गंभीर समजतात. अर्ध्या कपाची ही गोष्ट आहे.

तेव्हा गरम पेये टेबलाच्या मध्यभागी, मुलाच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवायची. मूल मांडीवर असताना चहा-कॉफी प्यायची नाही. वेटर मुलाच्या डोक्यावरून कप पुढे करीत असेल तर त्याला दुसऱ्या बाजूने यायला सांगायचे. यात संकोच करण्यासारखे काहीच नाही.

आणि सांडलेच तर? चहाने भिजलेला सदरा ताबडतोब काढा, कारण कापड गरम चहा त्वचेला चिकटवून ठेवते. कापड त्वचेलाच चिकटले असेल तर ओढू नका. मग भाजलेला भाग नळाच्या वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरा. इतका वेळ कशाला, असे तुम्ही विचाराल. त्वचा उष्णतेची मंदवाहक आहे, आत शिरलेली उष्णता पृष्ठभागापर्यंत परत यायला वेळ घेते. शिवाय इजा झालेल्या भागात दाह सुरू होतो तो पाण्याने आटोक्यात राहतो. मुलाचे बाकीचे अंग मात्र कोरडे आणि उबदार ठेवा. बर्फ लावू नका, त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि इजा वाढू शकते. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नका. या लेपांनी उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग बंद होतो आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. भाजलेल्या भागावर स्वच्छ कापड सैल पांघरून डॉक्टरांकडे जा.

चहाइतकाच लबाड पदार्थ म्हणजे बटाटेवडा. त्याचे कवच कोरडे आणि पातळ असते. ते लवकर निवते, आणि हाताला वाटते, झाला थंड. आतला बटाटा ओला असल्याने पुष्कळ उष्णता साठवून बसलेला असतो. एकाच आकाराच्या दोन वस्तूंमध्ये जाडी निम्मी झाली की आतली उष्णता बाहेर यायला लागणारा वेळ चौथाई होतो. मेदुवड्याला भोक असते ते याच कारणाने उपयोगी पडते. पाच सें.मी. चा गोळा घेण्याऐवजी अडीच सें.मी. जाडीचे कडे केले की मधला भाग नीट तळला जातो आणि निवतोही गोळ्याच्या निम्म्याहून कमी वेळात. धाकट्याला द्यायचा वडा आधी मोडून, मधोमध उघडून ठेवावा.

करून पहा

हा प्रयोग शिक्षकांच्या किंवा घरातील मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा तपमापक घ्या. ताप पाहण्याचा तपमापक चालणार नाही, तो फुटेल. सारखे दोन कप घेऊन प्रत्येकात १०० घ. सें.मी. गरम पाणी एकाच वेळी ओता. एका कपातल्या पाण्यावर गोडेतेलाचा पातळ थर पसरेल इतके तेल घाला. दर दोन मिनिटांनी दोन्ही तपमाने टिपून वीस मिनिटांचा आलेख काढा. तेलाने बाष्पीभवन अडते, बाकीचे तीन मार्ग जवळजवळ तसेच राहतात. म्हणजे दोन आलेखांतील अंतर हा वाफेचा वाटा. तोच प्रयोग पंख्याखाली करा आणि कोणत्या कपात पंख्यामुळे जास्त फरक पडतो ते पहा. जमल्यास एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत करा आणि दमट हवेबद्दल वर केलेले विधान तपासा.

शेवटी एक कोडे. आईच्या कॉफीत थोडे थंड दूध घालायचे आहे आणि कॉफी पाच मिनिटांनी प्यायची आहे. त्या वेळी ती जास्तीत जास्त गरम हवी असेल तर दूध आत्ता घालावे की पाच मिनिटांनी? आणि धाकट्यासाठी ती जास्तीत जास्त निवायला हवी असेल तर? आधी कारणासह उत्तर लिहून ठेवा, मग तपमापक हातात घ्या.